अंड्याच्या चार वाट्या

माझे सासरे विष्णुपंत, म्हणजे घरातले अप्पा, यांनी पूर्णेच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं. त्यांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती, म्हणून त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आमच्याच गच्चीवर जेवण ठरवलं. शाल नको, भाषण नको, एवढं अप्पांनी आधीच सांगून टाकलं. मग हवं काय, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तो आतून वाहणारा केक तुला येतो का गं, योगिनी?"

मागच्या वर्षी नांदेडला एका लग्नात त्यांनी तो पाहिला होता. शेजारच्या माणसाने चमचा लावला आणि केकच्या पोटातून गरम चॉकलेट बशीत उतरलं. अप्पांनीही एक बशी घेतली आणि वाढप्याला विचारलं, "अंडं आहे का?" तो आहे म्हणाला. अप्पांनी बशी तशीच खाली ठेवली. त्यांनी आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही. पण परतीच्या गाडीत, आणि नंतरही दोन-तीनदा, त्यांनी मला विचारलं, की बाहेरून भाजलेली वस्तू आतून पातळ राहते कशी. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. उष्णता कडेकडून आत जाते, ती मधोमध पोचायच्या आधी केक बाहेर काढायचा, असं मी सांगितलं. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. त्यांना तो फोडून बघायचा होता, आणि मला वाटतं, खायचाही होता.

"येईल," मी म्हणाले. "बिनअंड्याचा करते. शब्द देते."

"शब्द कशाला देतेस? कर म्हणजे झालं."

पण त्या आठवड्यात दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी थांबवून सांगितलं, की रविवारी आमच्याकडे वाहणारा केक आहे आणि त्यात अंडं नाही.

माणसं चोवीस होती. या केकची सोय अशी, की मिश्रण आदल्या दिवशी करून वाट्यांत भरून थंड ठेवता येतं, आणि जेवणं संपत आली की थेट ओव्हनमध्ये घालता येतं. अडचण एकच. एक मिनिट कमी झालं तर चिखल होतो आणि दोन मिनिटं जास्त झाली तर साधा केक होतो. थंड वाट्यांना नेमकी किती मिनिटं लागतात, हे आधी एक-दोन भाजून, कापून पाहावं लागतं. आणि आमच्या घरात वाढदिवसाचं जे काही होतं ते आधी देवाला दाखवतात. तोवर ते चाखायचं नाही, मोडायचंही नाही.

"अप्पा, एक केक आधी कापून बघावा लागेल."

"देवाच्या आधी?"

"कापल्याशिवाय आतलं कळणार कसं?"

"ते मला काय विचारतेस? शास्त्र तुझं."

"नुसता थर्मामीटर खुपसला तर?"

त्यांनी यावर खरोखर विचार केला. "थर्मामीटरला तोंड नसतं. चालेल." मग वर्तमानपत्र पुन्हा उघडत म्हणाले, "आणि दुसऱ्यांच्या घरी जाऊन तू काय कापतेस, ते मी विचारायला येत नाही."

दुसऱ्यांचं घर म्हणजे शीलाचं. शीला आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. दोन गल्ल्या पलीकडे ती, तिची आई कासाबाई आणि शीलाचा मुलगा सोनू राहतात. तिचे वडील उमाजी आणि भाऊ हरिओम चुडाव्याला मेंढरं आणि शेत बघतात. हरिओम शाळेसाठी चुडाव्याहून रोज गाडीने पूर्णेला यायचा आणि अप्पांच्या वर्गात बसायचा, म्हणून रविवारचं आमंत्रण त्या सगळ्यांनाच होतं. शीलाचा फ्रिज दोन दारांचा आहे. आमचा लहान, आणि त्यात श्रीखंडाचा चक्का बसलेला.

शनिवारी दुपारी मी माझा ओव्हन रिक्षात घालून तिच्याकडे नेला. चॉकलेट माझ्या नवऱ्याने, श्रीनिधीने, नांदेडहून येताना आणलं होतं. पूर्णेत तसं मिळत नाही. ते लोण्याबरोबर वितळवलं, त्यात आटवलेलं दूध, थोडं दही आणि मैदा घातला. प्रत्येक वाटीत सत्तर ग्रॅम मिश्रण, काट्यावर मोजून.

"काय करायलात मॅडम," शीला म्हणाली, "एक-एक ग्रॅम! परीक्षेला पोरं बी एवढं मोजत न्हाईत."

"म्हणून तर त्यांचं उत्तर येत नाही."

वाट्या एकसारख्या हव्या होत्या. माझ्या सासूबाईंनी एका संक्रांतीला हळदीकुंकवासाठी आणलेल्या आणि वाटून उरलेल्या अठरा आमच्याकडे होत्या. कमी पडल्या त्या शीलाच्या घरच्या घेतल्या. त्याच मापाच्या, बुडाशी उमाजींचं नाव घातलेल्या.

आणि मग मीच एक गोष्ट सुचवली. बिनअंड्याचा केक मी पहिल्यांदा करत होते. तुलनेला नेहमीच्या कृतीचे काही असावेत, म्हणजे चूक कुठे आहे ते कळेल. प्रयोगशाळेत आम्ही दोघी हेच करतो. शीलाने सहा वाट्या अंडी घालून केल्या, तिच्याच घरच्या वाट्यांत.

दोन्हीकडचे दोन-दोन भाजून पाहिले. अंड्याचे दहा मिनिटांत छान झाले. बिनअंड्याचा पहिला दहा मिनिटांत काढला तर बशीभर पसरला, दुसरा तेरा मिनिटांवर बरोबर उतरला. सोनूने चारही संपवले आणि पसरलेला सगळ्यात चांगला होता असं सांगितलं. मी वहीत लिहिलं: तेरा.

उरलेल्या बिनअंड्याच्या चोवीस वाट्या, अठरा आमच्या आणि सहा त्यांच्या, वरच्या दोन कप्प्यांत ठेवल्या. अंड्याच्या चार खालच्या कप्प्यात. त्या शीलाच्या घरी सोमवारी खायच्या होत्या. कोणत्या कुठे आहेत ते मला माहीत होतं आणि शीलाला माहीत होतं. कासाबाई त्या दिवशी चुडाव्याला होत्या.

रविवारी दुपारी तीनला मी वाट्या आणायला गेले. कासाबाई सकाळच्या गाडीने आल्या होत्या. न्हाऊन, इरकल नेसून, वेणी घालून पलंगावर बसल्या होत्या.

"ये बाई. तुमचं सगळं नीट करून ठेवलंय म्या."

मी फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात भरलेल्या सहा वाट्या नव्याकोऱ्या होत्या, एकीच्या बुडाशी दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. शेजारच्या माझ्या अठरा वाट्या काठोकाठ दिसत होत्या. खालचा कप्पा रिकामा होता. मी माझी एक वाटी हातात घेतली. जड लागली. शीलाच्या ओट्यावर काटा अजून तसाच होता, त्यावर वाटी ठेवली आणि वाटीचं वजन वजा केलं. शहाऐंशी.

"मावशी, या वाट्या नव्या आहेत का?"

"हरिओमच्या लग्नातल्या. पेटीत होत्या, कुणीच वापरल्या न्हाईत." त्या उठून जवळ आल्या. "आमच्या घरच्या रोजच्या वाट्या व्हत्या त्यात. आमी त्यात मटणाचा रस्सा खातो, बाई. गुरुजींच्या घरात, देवाम्होरं त्या कशा चालतील? शीलाला एवढं बी कळंना. मग आमच्या जितक्या व्हत्या तितक्या सगळ्या काढल्या, एका पातेल्यात घेतलं, अन् या नव्या भरल्या. उरलं ते तुमच्या वाट्यांत घातलं. लय कमी भरल्या व्हत्या तुमी."

"वरून घातलं?"

"नुसतं वरून बरं दिसंना. चमच्यानं हलवून एकजीव केलं."

मी मनात आकडे मांडले. दहा वाट्यांचे सातशे ग्रॅम, त्यातले दोनशे ऐंशी अंड्याचे. सहा वाट्यांत चारशे वीस गेले, राहिलेले दोनशे ऐंशी अठरा वाट्यांत. प्रत्येकीत पंधरा-सोळा ग्रॅम. चोवीसपैकी एकही वाटी सुटली नव्हती.

"बरं केलंत," मी म्हणाले.

शीला कपडे वाळत घालून आत आली. फ्रिजकडे बघून तिच्या लक्षात आलं. ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली.

"मॅडम, आईला नका सांगू. तिनं एवढं मनावर घेऊन केलंय. गुरुजींना बाटवलं असं डोक्यात घेतलं तर ती तुमच्या गल्लीत पाय ठेवणार न्हाई."

"आणि अप्पांना?"

शीला म्हणाली, "चवीत तर कळणार न्हाई."

ते खरं होतं. काल सोनूलाही चवीत फरक कळला नव्हता. मी वाट्या ताटांत लावल्या, शीलाने एक ताट धरलं, आणि आम्ही दोघी आमच्या घरी आलो.

अप्पा देवघरासमोर बसून निरांजनाची वात करत होते. श्रीखंड, पुरी, भाजी यांचा नैवेद्य तयार होता. केकसाठी त्यांनी एक चांदीची ताटली घासून बाजूला ठेवली होती. मी ती पाहिली आणि उभ्याउभ्याच सांगितलं.

"अप्पा, केकमध्ये अंडं गेलंय. सगळ्याच."

त्यांनी वात खाली ठेवली. "कसं?"

"तुलनेसाठी म्हणून चार वाट्या अंड्याच्या केल्या होत्या. त्याच फ्रिजमध्ये ठेवल्या. मिसळल्या गेल्या."

"वाट्या आपणहून मिसळतात?"

माझ्या मागे शीला ताट धरून उभी होती. अप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

"चॉकलेट संपलंय, पण तुमच्यापुरता एक कोकोवर करून बघते," मी म्हणाले. "एकाचं जमेल."

"पंगतीत मी वेगळं वाढून घेतो का कधी?" ते जरा तुटकपणे बोलले. मग म्हणाले, "मग मला काय?"

"श्रीखंड आहे."

"श्रीखंड काय, नेहमीचंच."

त्यांनी चांदीची ताटली उचलून फडताळात ठेवली. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मी विचारलं की केक रद्द करू का. यावर ते बराच वेळ वात वळत राहिले.

"माणसं ऐकून आलीत. त्यांना चालत असेल तर खाऊ देत. पण ओव्हन माझ्या स्वयंपाकघरात लावायचा नाही. गच्चीवर लाव. आणि ज्याला चालत नाही त्याच्या पोटात नकळत जाता कामा नये. तेवढं तू बघ."

श्रीनिधीने गच्चीवर वायर ओढून दिली. कठड्याशी एका जुन्या टेबलावर ओव्हन ठेवला. वारा होता, म्हणून तिन्ही बाजूंनी पत्रे उभे केले. शहाऐंशी ग्रॅमला तेरा मिनिटं पुरणार नव्हती, पंधरा धरली; कोऱ्या सहा दोन मिनिटं आधी काढायच्या. मग वहीचं एक पान फाडलं, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "यात अंडं आहे", आणि ते टेबलाच्या कडेला चिकटवलं.

सात वाजता टेबल-खुर्च्यांवर पंगत बसली. कोणी परभणीहून आलं होतं, कोणी सेलूहून. कापसाचं जिनिंग चालवणारा भुजंग अप्पांच्या उजवीकडे बसून, आपण वर्गात सगळ्यात जास्त मार कसा खाल्ला ते सांगत होता.

"मार उत्तराला नव्हता," अप्पा म्हणाले, "शेजाऱ्याचं उत्तर उतरवून घेतल्याला होता."

"गुरुजी, शेजाऱ्याचं पण चुकलेलं होतं!"

"म्हणून दुप्पट."

मी आठ-आठ वाट्या ओव्हनमध्ये घालत होते. पहिल्या आठ चांगल्या निघाल्या. बशीत उपड्या करून, मिनिटभर थांबून वाटी उचलली की केक उभा राहत होता, वरून किंचित हलत. प्रत्येकाच्या हातात बशी देताना मी अंडं असल्याचं सांगत होते. सहा जणांनी श्रीखंड घेतलं, बाकीच्यांनी केक. पंगतीतून "अरे वाहतंय, वाहतंय!" असा आरडाओरडा झाला, तेव्हा अप्पांनी मान वळवून भुजंगच्या बशीत पाहिलं.

दुसऱ्या आठ आत असताना कासाबाई जेवून उठल्या आणि हात पुसत माझ्याकडे आल्या.

"एवढा जड ओव्हन वर कशाला आणला गं बाई? बेजार झाली असशील." मग त्यांना पान दिसलं. त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं. "यात. अंडं. आहे."

मी ओव्हनच्या काचेतून बघत राहिले.

"गुरुजी तर आठ दिस झाले सांगायलेत, अंडं न्हाई म्हणून."

"हो."

"मंग?" पुढचं त्या स्वतःच जुळवत होत्या आणि ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "खालच्या कप्प्यात चार व्हत्या. त्या वेगळ्या व्हत्या?"

शीलाने मला काय सांगितलं होतं ते आठवत होतं. पण सरळ विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायचं मला जमलं नाही. "हो मावशी. त्या चार अंड्याच्या होत्या."

मला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांचा आवाज खाली आला आणि धारदार झाला.

"मंग मला सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही चुडाव्याला होतात."

"दुपारी न्हवते चुडाव्याला. समोर उभी व्हते तुझ्या. बरं केलंत म्हणलीस."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"अन् आज ही चिठ्ठी लावलीस. काल लावली असतीस तर? सातवी झालीय माझी. मोठं अक्षर वाचते मी."

"आम्हा दोघींना माहीत होतं, म्हणून…"

"घर माझं हाय. फ्रिज माझ्या घरात हाय. मी उघडणार न्हाई व्हय?"

वर्षाला दोनशे विद्यार्थी माझ्या हाताखालून जातात. बाटलीवर चिठ्ठी नसेल तर मी प्रत्येकाचे गुण कापते. काल मीच ती लावली नव्हती. तरी एक गोष्ट माझ्या तोंडून गेलीच. "मावशी, वाट्या बदलायची काही गरज नव्हती. आम्हाला तुमच्या वाट्या चालल्या असत्या."

"हे कधी म्हणलीस का मला? की चालतात म्हणून? दहा वर्सं झाली येणंजाणं हाय. माझ्या हातचा चहा पितेस, तो बी कपात. वाटीचं कुणी बोललंय व्हय आजवर?"

ओव्हनची घंटा वाजली. मी वाट्या बाहेर काढल्या. कासाबाईंनी न विचारता एक केक बशीत उपडा केला, वाटी उचलली, चमचा घेतला आणि बशी घेऊन थेट अप्पांकडे गेल्या. मी मागोमाग गेले. शीला पंगतीतून उठायला लागली होती. मी तिला हाताने बस म्हटलं.

"गुरुजी," कासाबाई म्हणाल्या, "तुमच्या केकात अंडं म्या कालवलं. मला ठाऊक न्हवतं, पर हात माझे व्हते."

भुजंगने उगीचच घसा खाकरला.

अप्पांनी त्यांच्याकडे वर पाहिलं. "वाट्या बदलल्यात तुम्ही?"

"व्हय."

"का?"

"आमच्या व्हत्या म्हणून."

अप्पांना हे अपेक्षित नव्हतं. ते दुपारपासून काहीतरी ओळखून होते, पण एवढं नाही. हातातली श्रीखंडाची वाटी त्यांनी खाली ठेवली. काहीतरी मोठं बोलतील असं वाटलं, निदान भुजंगला तरी वाटलं असावं, कारण तो सावरून बसला. अप्पा फक्त म्हणाले, "तुमच्या वाट्या चालतात, हे योगिनीनं सांगायला हवं होतं." आणि माझ्याकडे न बघता, "मीही."

मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "बसा. उभ्याने खाऊ नका."

"तुमी खाणार न्हाई, मंग मी कशी खाऊ तुमच्यासमोर?"

"मी अंडं खात नाही, कासाबाई. आजही नाही. पण मला ते कसं वाहतं ते बघायचंय. भुजंगनं एका घासात संपवला, काही दिसलंच नाही."

कासाबाई बसल्या. बशी त्यांनी दोघांच्या मधे टेबलावर ठेवली आणि चमच्याची कड केकवर दाबली. बाहेरचा भाग मऊ मोडला. क्षणभर काही झालं नाही, आणि मी मनात पंधरा मिनिटं जास्त झाली का ते तपासायला लागले. मग चॉकलेट आलं, दाट, हळूहळू, आणि बशीच्या उताराकडे सरकलं. अप्पा चष्मा वर करून वाकले.

"मधे अजून थंड असेल का गं?"

"कोमट," मी म्हणाले. "साधारण पन्नास अंश."

"कडेला?"

"नव्वदच्या वर."

"दोन बोटांत एवढा फरक," ते स्वतःशीच म्हणाले.

कासाबाईंनी एक चमचा तोंडात घातला. सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तो सावकाश संपवला.

"कसा लागतो?" अप्पांनी विचारलं.

"कडू."

"कडू?"

"लय कडू. औषधासारखा. तुमचं काई बी गेलं न्हाई, गुरुजी."

"खरं सांगताय?"

"तुमच्याशी खोटं कशाला बोलू?" कासाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसऱ्यांदा चमचा बुडवला, पहिल्यापेक्षा जास्त भरून.